पुढचं एकच चक्र

"उजवीकडं फिरव. अगं उजवीकडं! तुझ्या नाही, सायकलच्या उजवीकडं."

"सायकल पालथी पडलीय. तिची उजवी बाजू कुठली ते आता तिलाच विचारा," मी म्हणाले आणि पान्हा खाली आपटला.

माझ्या शिलाईच्या खोलीत वर्तमानपत्रं अंथरून त्यावर आमच्या ह्यांची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल चाकं वर करून ठेवली होती. एकीकडं गिऱ्हाइकांचे ब्लाउज, एकीकडं ग्रीसचा डबा. दार लावून घेतलेलं, खिडकीला पडदा, मे महिन्याचा उकाडा, आणि पंखा लावला की वर्तमानपत्र उडतं म्हणून पंखाही बंद. हे समोर स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. हे म्हणजे जयवंत शेवाळे, वाईतल्या शाळेत पी.टी.चे सर. शिट्टी तोंडात नसली तरी आवाज शिट्टीचाच.

"तू चिडू नकोस. चिडलीस की तुझा हात थरथरतो."

"माझा थरथरतो होय?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यांचा डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. तो उचलून त्यांनी दुसऱ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "चल, पुढचा बोल्ट घे."

झालं होतं असं, की दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा कामचुकारपणा करायला लागला. शर्टाचं बटण लागेना. मी शिवणकाम करणारी बाई, मला वाटलं काजं बारीक पडतायत, म्हणून सगळ्या शर्टांची काजं मोठी करून दिली. मग चहाचा कप निसटला. मग अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसत बसत तिथं खड्डा पडला. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासण्या केल्या आणि सांगितलं, नसांचा आजार आहे, हळूहळू वाढतो.

"औषध काय मग?" मी विचारलं.

"सध्या आपण बघत राहू," डॉक्टर म्हणाले.

"बघत राहायला आम्ही घरी नव्हतो का हो?" मी म्हणाले. ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी रडले. हे शेजारी बसून समोरच्या भिंतीवरची व्यायामाची चित्रं वाचत होते आणि त्यातलं तिसरं चित्र कसं चुकलंय ते मला सांगत होते.

तर ती सायकल. हिला पुढं पेडलपाशी तीन दातेरी चक्रं, लहान, मधलं आणि मोठं. मागच्या चाकाला आणखी ढीगभर. मागची चक्रं उजव्या अंगठ्यानं खटका दाबून बदलायची आणि पुढची डाव्या अंगठ्यानं. डावा अंगठा तर संपावर गेलेला. म्हणून ह्यांनी डोकं लढवलं, की पुढची तीन काढून एकच चक्र ठेवायचं, डावीकडचा खटका, त्याची तार, चेन ढकलणारा चिमटा, सगळं काढून टाकायचं. बदलायचंय ते सगळं उजव्या हातानं.

"आणि ब्रेक?" मी तेव्हाच विचारलं होतं. "डावा ब्रेक कोण दाबणार?"

"ब्रेकला चार बोटं असतात. अंगठा रुसलाय, बोटं नाही रुसलेली," असं म्हणून त्यांनी माझ्या मनगटाला बोटांनी चिमटा काढला. चांगला लागला मला. तेव्हा मार्च असेल.

हे सगळं शब्बीरभाई बागवानांच्या दुकानात एका सकाळीत झालं असतं. पण ह्यांना ते नको होतं. शब्बीरभाईंना कळलं की सायकलवाल्या पोरांना कळणार, पोरांना कळलं की शाळेला. पी.टी.च्या सरांचा हात गेला, असा गावभर बोभाटा. सूर्यनमस्काराच्या रांगेपुढं उभं राहिल्यावर पोरं आधी आपल्या हाताकडं बघतील, हे त्यांच्याच्यानं सहन होणार नव्हतं. एका हातानं पेडलचा दांडा धरून त्याच हातानं तो सोडवता येत नाही, म्हणून मग माझे हात. मशीनचे स्क्रू मी पिळते, मग सायकल काय वेगळी, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांनी स्वतःशीच एक पैज लावली होती. ती त्यांनी मला जेवताना सांगितली, जशी काही भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी.

"पसरणीचा घाट चढणार. खालपासून वरपर्यंत, पाय खाली न टेकता. चढलो तर जूनला शाळेत हजर. नाही चढलो तर राजीनामा."

"घाटाचा आणि शाळेचा काय संबंध?"

"माझा आहे."

झालं. माणूस एकदा असं बोलला की भिंतीशी बोललेलं बरं. पण खरं सांगते, मला ती पैज मनातून आवडली. डॉक्टर बघत राहा म्हणालेले, देवाला काय बोलायचं ते बोलून झालेलं. ह्यात निदान पान्हा फिरवण्यासारखं काहीतरी होतं. घाट चढले तर हे शाळेत जातील, शाळेत गेले तर माणसात राहतील, घरात बसले तर कुढतील. मला तेवढंच दिसत होतं. म्हणून मी शब्बीरभाईंकडं गेले आणि पेडलचा दांडा ओढून काढायचं अवजार मागितलं. भाचा आलाय, त्याच्या सायकलला पाहिजे, असं ठोकून दिलं.

"सरांना म्हणावं इकडंच घेऊन या की वहिनी. मी करून देतो."

"भाच्याला स्वतःच करायचंय हो. हल्लीची पोरं, सांगून ऐकतात का?"

शब्बीरभाईंनी अवजार दिलं, वर कापडात गुंडाळून दिलं. मला भाचा नाही हे त्यांना माहीत असावं, पण भला माणूस, बोलला नाही.

पहिली चूक माझीच. हे म्हणत होते नवीन चक्र मागवू. मी म्हटलं, मधलं चक्र चांगलं ठणठणीत आहे, तेच राहू द्या, लहान-मोठं तेवढं काढू. घरात धडकं असताना नवीन आणायचं माझ्या रक्तातच नाही, मी अस्तरसुद्धा जुन्यातून काढते. ह्यांनी दोनदा नको म्हटलं आणि मग माझ्या तोंडापुढं हात टेकले. तशी सायकल जोडली, हे बोळात निघाले, आणि समोरच्या सावंतकाकूंच्या दारातच खट् करून चेन उतरली. जुन्या चक्राचे दात चेन सहज सरकावी म्हणून मुद्दाम तसे केलेले असतात. बाजूला धरून ठेवणारा चिमटा आम्ही काढून टाकला होता. चेनला मोकळं रान.

"काय झालं हो सर?" काकू दारातून.

"काही नाही, हेमाला चेन कशी बसवतात ते दाखवतोय," हे म्हणाले. आणि मला रस्त्यात उकिडवं बसून, साडी ग्रीसमध्ये घालून, चेन बसवावी लागली. हे उभं राहून "शाब्बास" म्हणत होते. मला असा राग आला होता, काय सांगू.

मग पुण्याहून नवीन चक्र मागवलं. एक दात जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड, असं. चेनच्या कड्यांमध्ये ते दात घट्ट बसतात, काही केल्या सुटत नाहीत. मी ते हातात धरून उलटंसुलटं बघितलं. मधल्यापेक्षा लहान, पण सगळ्यात लहान होतं त्याच्यापेक्षा मोठं.

"पण सगळ्यात लहान होतं तेच चढाचं ना? ते काढलं तर घाट जड जाणार तुम्हाला."

"जाऊ दे जड. पाय आहेत अजून."

आता बोल्ट. जुने बोल्ट तीन चक्रं धरायला लांब केलेले, मधल्या जाड चक्राला कसेबसे पुरले होते, ह्या नव्या पातळ चक्राला ते आवळतच नव्हते, कितीही पिळा, चक्र आपलं खुळखुळ करतंय. हे म्हणाले आता बोल्टही मागवावे लागणार, आणखी आठवडा गेला. आठवडा गेला म्हणताना त्यांनी तोंड असं केलं, की मी उठले आणि माझा मशीनचा डबा पालथा केला. त्यात जुन्या पायडलचे वॉशर होते. प्रत्येक बोल्टाखाली एक सरकवला आणि पिळला. घट्ट! हे हसायला लागले. "शिलाई मशीनच्या वॉशरवर घाट चढणारा महाराष्ट्रातला मी पहिला," म्हणाले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाठीवर थोपटलं. त्या खोलीत त्या महिन्यात आम्ही जेवढं हसलो तेवढं आधी कधी हसलो नसू.

रविवारी पहाटेच ते निघाले. हेल्मेटचा पट्टा मी लावून दिला.

"मी पाठीमागून स्कूटीवर येते."

"काही नको. चोर धरायला आलीस असं वाटेल. तू एस.टी.नं पुढं जा आणि माथ्यावर थांब. पाय टेकला की नाही ते मी खोटं सांगणार नाही."

माझा जीव टांगणीला. सकाळच्या एस.टी.त खिडकीपाशी बसले. मे महिना, त्यात रविवार, पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली. पसरणी गाव मागं पडलं, वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला मी मान बाहेर काढून बघत होते. एका वळणावर दिसले. उन्हात, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, अगदी हळू. इतकं हळू की बाजूनं बाई डोक्यावर घागर घेऊन चालली असती तर पुढं गेली असती. पण पाय फिरत होते. उजवा हात मुठीवर घट्ट, डाव्याचा तळवा नुसता टेकवलेला.

"अहो, ते शेवाळे सर की!" कंडक्टर म्हणाला. "आमच्या थोरल्याला होते. सर! ओ सर!"

सगळी एस.टी. खिडकीशी आली. ह्यांनी वर बघितलं नाही. मी पदर तोंडाला लावून बसले. आपल्याच नवऱ्याला ओळख देता येईना. मनात म्हणत होते, वॉशर टिकू दे, बाकी काही मागत नाही.

माथ्यावर उतरले. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं, लोक फोटो काढत होते, कणीसवाला कोळसे फुलवत होता. मी कठड्यापाशी उभी. गाड्या येत होत्या, मोटारसायकली येत होत्या, हे काही येत नव्हते. कणीसवाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, देऊ का एक?" दुसऱ्यांदा मी त्याच्यावर खेकसले. बिचारा कोळशाकडं वळला. आणि मग त्या शेवटच्या वळणावरून आधी हेल्मेट दिसलं, मग लालभडक तोंड, मग सायकल. मी आयुष्यात रस्त्यावर कधी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. "चला! चला! आलात! अहो आलात!" मुंबईची पोरं वळून टाळ्या वाजवायला लागली. कणीसवाल्यानंही वाजवल्या.

ते माझ्यासमोरून गेले, सपाटीवर सायकल आपोआप मंद होईपर्यंत थांबले नाहीत. मग एक पाय टेकवला.

"आता टेकला," म्हणाले. "आत्ता. आधी नाही."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तसलं काही नाही, म्हणून मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. पाणी दिलं. बाटलीचं झाकण मी काढून दिलं. "झालं तर मग! जूनला नवीन बूट आणू तुम्हाला. मी जाते एस.टी.नं पुढं, तुम्ही या उतरून. सावकाश या हं, गर्दी आहे."

"हेमा."

"काय?"

"उतरता नाही येणार."

मला कळेना. चढायची एवढी उस्तवार, उतरायला काय लागतं? त्यांनी डावा हात मुठीवर ठेवला. बोटं ब्रेकवर टाकली. बोटं तिथं ठेवल्यासारखी ठेवलेली राहिली. वळली नाहीत. त्यांनी जोर लावला तसा खांदा वर आला, बोटं होती तिथंच.

"कधीपासून?"

"नवीन चक्राचं पार्सल यायच्या आधीपासून."

"आणि मला बोल्ट पिळायला लावत होतात? साडीभर ग्रीस करून घेत होते मी!" माझा आवाज चढला. लोक बघायला लागले, बघू देत. "चढून काय करणार होतात इथं? राहणार होतात? कणसं विकणार होतात?"

"चढायचं होतं गं."

एवढंच. मला वाटलं, एक थोबाडीत द्यावी आणि स्वतःलाही एक द्यावी. दोन्हीतलं काही करता आलं नाही. मी म्हणाले टेम्पो बघू, सायकल टाकू, आपण पुढं बसू. ते नाही म्हणाले. टेम्पोतून सायकल आणताना गावानं बघायचं नाही. चालत जाऊ, पाय मोकळे करत, लोकांना काही वाटणार नाही. मग काय, निघालो. मी सायकलच्या डावीकडं, डावा ब्रेक धरून. हे उजवीकडं, उजवा ब्रेक धरून. मधे सायकल. बैलजोडीसारखे आम्ही दोघं. उन्हाचा चटका लागायला लागला होता, वरून येणाऱ्या गाड्या कानाशी हॉर्न वाजवत होत्या. वळण आलं की मी दाबायचं, हे दाबायचे. मी मनात उलटसुलट हिशेब करत होते, की शाळेत काय, शाळेत सायकल नाही लागत, शिट्टी उजव्या हातात धरता येते, कवायतीला पुढं एखादा मुलगा उभा करता येतो. निघेल मार्ग. घाट तर चढलेत.

घाटातलं देऊळ लागलं, तिथं उतार चांगला तीव्र आहे. मी ब्रेक दाबला, तरी सायकल उजवीकडून पुढं पळायला लागली. मी म्हणाले, "अहो, दाबा की!"

ते थांबले. मीही थांबले. ते उजव्या हाताकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हेमा, हाही तूच धर."

मी सायकलच्या मागून वळसा घालून आले नाही. नुसता हात लांब करून उजवी मूठ घेतली. माझं अंग आख्खं सायकलवर ओणवं झालं. हे बाजूला झाले. दोन्ही हात मोकळे, खाली लोंबत. मला वाटलं आता इथंच बसकण मारावी.

तेवढ्यात एक मोटारसायकल कचकन थांबली. "सर! नमस्कार!" कुठल्यातरी बॅचचा पोरगा, आता मिश्या फुटलेल्या. "काकूंना सायकल शिकवताय काय घाटात?"

हे हसले. शाळेतलं हसू. "मग! बघ, कशी धरलीय."

पोरानं माझ्याकडं बघितलं. माझे डोळे भरलेले, ते त्याला दिसले असते. मी मान सायकलवरच ठेवली आणि जोरात म्हणाले, "शिकवतायत कसले रे! नुसते ओरडतायत!"

"सर पहिल्यापासून ओरडतातच काकू," तो म्हणाला, आणि गाडी दामटत निघून गेला.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. बराच वेळ. पसरणीची घरं दिसायला लागली तेव्हा हे म्हणाले, "हेमा, मी चढलो ना?"

"चढलात."

"पाय नाही टेकला."

"नाही टेकलात."

"मग घरी गेल्यावर राजीनामा लिही. तुझ्याच अक्षरात लिही. सही तेवढी मी करीन." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "सही मात्र आजच घे."

लग्न झाल्यापासून त्यांच्या एकाही बोलण्याला मी दोन शब्द उलट बोलल्याशिवाय राहिले नव्हते. त्याही वेळी ओठावर आलं होतं, पैज काय होती आणि बोलताय काय. मी दोन्ही ब्रेक धरून उभी राहिले आणि म्हणाले, "बरं."